घरी ठेवणं निराळं, घरी शिकवणं निराळं

"ताई, आम्ही करतो त्याला होमस्कूलिंग म्हणायचं की नाही, तेवढंच सांग," असं काल तू फोनवर विचारलंस. मी बोलत होते, पण तुझ्याकडे कौलांवर पाऊस एवढा वाजत होता की माझं निम्मं तुला ऐकूच गेलं नसणार. म्हणून आज सगळं आवरून लिहायला बसले आहे.

यंदा जूनमध्ये तू झिलाला शाळेत पाठवलं नाहीस. नऊ वर्षांचं पोर. गेलं वर्षभर सकाळी दप्तर दिसलं की त्याच्या पोटात दुखायचं आणि रविवारी दुखायचं नाही, हे तू आधी ओळखलंस, डॉक्टरांनी नंतर. आता सकाळचे दोन तास पडवीत बालभारतीची पुस्तकं घेऊन तुम्ही दोघं बसता. पुण्याहून येऊन तुमच्या शेजारी भाड्याने राहिलेली तुझी मैत्रीण म्हणाली, पुस्तकं आणि वेळापत्रक असेल तर ते खरं होमस्कूलिंग नव्हे, ती नुसती घरात आणलेली शाळा. सासूबाई म्हणाल्या, "झिलाक घराक बसवन ठेयलंस, उद्या तेका कोण विचारतलो?" आणि सर्वेक्षणाला आलेल्या गुरुजींनी कागदावर लिहिलं, शाळाबाह्य. एकाच पोराला तिघांनी तीन नावं ठेवली, आणि तू रात्रभर जागी राहून चौथं शोधतेस.

बायो, मी तुझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. माझी मधली मुलगी दम्यामुळे पाचवी आणि सहावी अशी दोन वर्षं घरी शिकली. होमस्कूलिंग हा शब्द तेव्हा आमच्या धुरीवाड्यात कोणी ऐकलेला नव्हता, मीही नाही. त्यामुळे नाव नसताना ते करणं कसं असतं, हे मला ठाऊक आहे. आणि तेव्हापासून मी घराघरांतून हेच बघत आले आहे, की कोण मुलाला घरी ठेवतंय आणि कोण शिकवतंय. या दोन गोष्टी लांबून सारख्याच दिसतात. दोन्ही घरांत मूल शाळेच्या वेळेला खळ्यात दिसतं. फरक आत आहे. त्या मुलाच्या शिकण्याकडे रोज लक्ष देणारं एक मोठं माणूस घरात आहे का, आणि उद्या त्याला शाळेत परत जावंसं वाटलं तर त्याच्यासाठी दार उघडं ठेवलंय का, एवढंच मी बघते. पुस्तक आहे की नाही, घड्याळ आहे की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरावर.

तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं खोटं नाही. तिच्या घरापुरतं ते खरं आहे. आपल्याच तालुक्यात धामापूरला सचिन आणि मीनल देसाई शहरातला बसलेला जम सोडून येऊन राहिले, मुलीला शाळेच्या वाटेला न लावता वाढवली आणि 'स्यमंतक' उभं केलं. त्याला ते जीवन शिक्षण विद्यापीठ म्हणतात. शाळेत न रमलेली मुलं तिथे हाताने काम करत शिकतात. धामापूरचं तळं तू पाहिलंयस, १५३० सालचं, २०२० मध्ये ज्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. ते तळं, त्याभोवतीचं रान, गावातली शेती हेच तिथलं पाठ्यपुस्तक. मला या माणसांविषयी आदर आहे. पण एक लक्षात घे, त्या घरात आईबाप दोघंही संपूर्ण त्यातच उतरले. ते त्यांचं जगणंच झालं. तुझा नवरा मासेमारी बंदीचे दोन महिने सोडले तर पहाटे होडीवर असतो, हंगामात तुझ्या चार खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या असतात. तुझ्या हाती सकाळचे दोन तास आहेत, आणि त्या दोन तासांत पुस्तक हा तुझा आधार आहे. तो आधार घेतला म्हणून तुझी घरशाळा कमी ठरत नाही. पुस्तकाचा हात धरून चालणं ही काही चोरी नव्हे.

आता दुसरं घर बघ, पिंगुळीचं. कुडाळहून कितीसं लांब आहे? तिथल्या ठाकर समाजात चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्पिढ्या घरातूनच आल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं आणि ती कला मुलांच्या हातात दिली. चित्रांची पोथी कशी धरायची, एकेक चित्र पुढे करत कथा कशी लावायची, बाहुलीची दोरी किती सैल सोडली की ती मान वळवते, हे कोणत्या वर्गात शिकवतात? बापाशेजारी मांडीला मांडी लावून बसल्याशिवाय ते येतच नाही. आपल्या दशावताराचंही तसंच. लिहिलेली संहिता नाही, संवाद जागच्या जागी सुचायला हवेत, आणि ते सुचण्यासाठी पोराने जत्रेच्या कितीतरी रात्री विंगेत उभं राहून काढलेल्या असतात. या घरांना कोणी होमस्कूलिंग म्हणत नाही. शाळा शाळेच्या जागी आणि ही विद्या घरच्या जागी, असं दोन्ही चालतं. मी मात्र त्याला घरचं शिक्षणच म्हणते, आणि फार वरच्या दर्जाचं म्हणते.

आमच्या वाडीत आणखी एक घर आहे. त्या घरातल्या चेडवाला उठून बसताही येत नाही, बोलणं आम्हाला कळत नाही, तिच्या आवशीला कळतं. तिचं नाव जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटावर आहे आणि विशेष शिक्षिका घरी येऊन तिला शिकवतात. काजूच्या बिया एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायला लावतात. मी गेले त्या दिवशी तिने अकरा बिया टाकल्या. बारावी हातातून निसटली तेव्हा ती हसली, आणि तिची आवस डोळे पुसत चुलीकडे गेली. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क आहे. हक्क मुलाचा आहे, हे मी मुद्दाम सांगते. कारण "तुमचं मूल घरीच बरं" असं सांगून अशा मुलांना दाराबाहेर काढणारेही असतात. शाळेला नको म्हणून घरी, याला मी हक्क म्हणणार नाही.

आणि एका घराला मी घरशाळा म्हणणारच नाही. बारा वर्षांची मुलगी. आई काजूच्या कारखान्यात जाते, म्हणून धाकट्या भावाला सांभाळायला ती घरी. विचारलं की घरचे म्हणतात, "घरात शिकता मां!" काय शिकते ती? पेज शिजवायला, बाळाची लंगोटी बदलायला, आणि कोणी काही विचारलं की खाली बघायला. तिच्या वहीत गेल्या दिवाळीपासून एक ओळ नाही. हे पाहिलं की मला राग येतो, आणि तो राग मी लपवत नाही. मी त्या घरी दोनदा जाऊन भांडून आले आहे. गरिबी मला कळते, पण घरी ठेवण्याला घरी शिकवण्याचं नाव दिलेलं मला चालत नाही.

हे तुलाही सांगायला हवं, रागावू नकोस. तुझा झील बापाबरोबर होडीवर जातो, पाहुण्यांच्या खोल्यांत पाण्याच्या बाटल्या नेऊन ठेवतो. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये बदल झाला, त्यात चौदा वर्षांखालच्या मुलाने घरच्या धंद्यात धोका नसलेली मदत करायला मुभा आहे, पण शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत. ज्याची शाळाच घरी आहे त्याची शाळेची वेळ कुठली? ती तुलाच आखावी लागेल. सकाळचे ते दोन तास त्याचे आहेत. मे महिन्यात कितीही पाहुणे आले तरी त्या वेळात त्याला हाक मारायची नाही. एकदा का "आजचा दिवस राहू दे" सुरू झालं, की घरशाळेची घरबसणी कधी होते ते आईलाही कळत नाही. मला कळलं नव्हतं. मुलीच्या दुसऱ्या वर्षी आंब्याच्या दिवसांत मी सहा आठवडे पुस्तक उघडलं नाही. ती आढीतले आंबे निवडायला फार हुशार झाली होती, आणि भागाकार पार विसरली होती.

आता झिलाच्या वहीविषयी. मागच्या आठवड्यात मी देवबागला आले, तेव्हा तू आत सोलकढी करत होतीस आणि तो माझ्याजवळ येऊन बसला. वहीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, भरतीची वही. आत चार रकाने, तारीख, तिथी, हिशेबाने आलेली वेळ, बघितलेली वेळ. मी विचारलं, हा हिशेब कुठला? तर म्हणाला, आज्यांनी सांगितला, तिथीची पाऊणकी करायची. किती वर्षांनी तो शब्द माझ्या कानावर पडला! पावकी, निमकी, पाऊणकी. आपल्या आजोबांच्या पिढीने पाठ केलेले पाढे, जे आता कुठल्याच वर्गात म्हणत नाहीत. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे भरती साडेचारच्या सुमाराला. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांना हे तोंडपाठ असतं. मासे कधी, होडी कधी, सगळं त्यावर.

पोराने महिनाभर रोज वाळूत काठी रोवून पाणी कुठवर आलं ते पाहिलं होतं. भर पावसातसुद्धा, डोक्यावर इरलं घेऊन. आणि त्याच्या ध्यानात दोन गोष्टी आल्या होत्या. एक म्हणजे भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. दुसरी म्हणजे आज्यांचा हिशेब कधी बरोबर येतो, कधी अर्धा तास चुकतो. "मावशी, आजे चुकतत की दर्या?" असं त्याने मला विचारलं. मी काय सांगणार? मला येत नव्हतं. तुलाही येत नव्हतं. मग तू कट्टा गावच्या हायस्कूलमधल्या विज्ञानाच्या सरांना फोन लावलास, आणि त्यांनी पंधरा मिनिटं त्याला समजावलं, की चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही पुढे जाते. पाऊणकीचा हिशेब तिथीमागे पंचेचाळीस मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ तेवढाच. पण प्रत्येक किनाऱ्याची उथळ-खोल जागा वेगळी, खाडीचं तोंड वेगळं, त्यामुळे एकच हिशेब सगळीकडे काट्यावर काटा येत नाही.

बायो, तो फोन मला त्या सगळ्या वहीहून मोलाचा वाटला. घरी शिकवणाऱ्या बाईला सगळं यायला हवं असं कोणी ठरवलं? आपल्याला कुठे येत नाही हे ओळखून ज्याला येतं त्याच्या दाराशी मुलाला नेऊन उभं करायचं, हेच तर शिकवणं. आज्यांनी पाऊणकी दिली, तू वही दिलीस, सरांनी चंद्र दिला. आणि ते सर शाळेतले आहेत, हेही विसरू नकोस. शाळा सोडली म्हणून शाळेशी वैर धरायचं नाही. त्या इमारतीत चांगली माणसं आहेत. गुरुजींनी 'शाळाबाह्य' लिहिलं तेही त्यांचं काम म्हणून. त्यांच्या कागदावर तुझ्या वहीसाठी रकानाच नाही.

कोरोनातलं शिक्षण तुझ्या डोळ्यांसमोर असेल. २०२० च्या मार्चपासून सगळी मुलं घरी होती, पण ती घरशाळा नव्हती, मोबाइलवरून घरात शिरलेली शाळा होती. रेंजसाठी पोरं सड्यावर चढत होती. कणकवली तालुक्यात दारिस्त्याच्या एका मुलीने तर डोंगरावर खोपी बांधून पशुवैद्यकीचा अभ्यास केला, ते सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. तिच्या जिद्दीला माझा नमस्कार. पण त्या दोन वर्षांवरून घरच्या शिकण्याची पारख करू नकोस.

सासूबाईंची भीतीही समजून घे. आपलं कोकण मंडळ २०१२ मध्ये वेगळं झालं आणि तेव्हापासून दहावीच्या निकालात राज्यात पुढे आहे. इथे घराघरांत मुलाची किंमत टक्क्यांत सांगतात. त्यांना वाटतं, नातू त्या रांगेतूनच बाहेर पडला. त्यांना मुंबईच्या मालविका जोशीची गोष्ट सांग. तिच्या आईने तिला सातवीच्या सुमाराला शाळेतून काढलं. ती घरी शिकली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिने तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. पण गोष्ट अर्धी सांगू नकोस. बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं म्हणून आपल्याकडच्या आयआयटीचं दार तिला बंद होतं, तेही सांग. आणि प्रत्येक घरात मालविका नसते. घरशाळेचं समर्थन करणारी माणसं हीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, ते मला पटत नाही. नऊ वर्षांच्या मुलाच्या सकाळच्या पोटदुखीवर एमआयटी हा उपाय नाही.

मला त्यापेक्षा पंडिता रमाबाईंचं घर जवळचं वाटतं. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला आणि गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. पुढे ती आई, लक्ष्मीबाई, पहाट व्हायच्या आत लेकीला उठवून शिकवायची, कारण दिवस उजाडला की कामं मागे लागायची. तीर्थयात्रा करत, पुराण सांगत, अर्धपोटी भटकणारं ते कुटुंब. ना घर ना वर्ग. त्या मुलीला १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. आणि तिने पुढे काय केलं? १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. जी स्वतः लहानपणी एक दिवस शाळेत गेली नाही, तिने मुलींसाठी शाळाच काढली. तिला ठाऊक होतं की प्रत्येक मुलीच्या नशिबी तशी आई नसते.

आणि गांधीजींचं घर बघ, तेही नजरेसमोर ठेव. त्यांनी मुलांना शाळेत न घालता स्वतः शिकवायचं ठरवलं. कामाच्या रगाड्यात पुरेसा वेळ देता आला नाही, आणि मुलांच्या मनात शाळा न मिळाल्याची खंत राहिली, हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच कबूल केलं आहे. एवढा मोठा माणूस, एवढा सच्चा हेतू, तरी मुलाचं मन दुखावलं. म्हणून मी सांगते, दरवर्षी मे महिन्यात झिलाला समोर बसवून विचार, "तुका शाळेत जावचा आसा?" विचारताना तुझ्या तोंडावर उत्तर दिसता कामा नये. तो हो म्हणाला तर ते तुझं अपयश मानू नकोस.

आता कागद. इथे तू कच्ची आहेस, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क. त्याचं कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. होमस्कूलिंग हा शब्द त्या कायद्यात कुठेच नाही. पण शाळेत न घालणाऱ्या पालकाला त्या कायद्यात शिक्षाही सांगितलेली नाही. जर्मनीत घरी शिकवायला बंदी आहे, अमेरिकेत पन्नासही राज्यांत मुभा आहे. आपलं या दोहोंच्या मधलं. म्हणून घाबरायचंही नाही आणि "आमचा काय्येक होवचा नाय" असा ताठाही नको. गुरुजी पुन्हा आले तर त्यांना खुर्ची दे, चहा दे आणि वही दाखव.

तुझ्या जास्त कामाची आहेत ती कलम ४ आणि ५. चौदा वर्षांच्या आतलं मूल शाळेत नसेल किंवा मध्येच सोडलेलं असेल, तर त्याला वयाप्रमाणे ज्या वर्गात असायला हवं त्या वर्गात प्रवेश द्यायचा, आणि इतर मुलांच्या बरोबरीला यायला खास प्रशिक्षण द्यायचं. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हे मला ठाऊक नव्हतं, बायो. २०१३ मध्ये मुलीचा दमा आटोक्यात आला, तिला सातवीत घालायला गेले, तर एका शाळेत सांगितलं की दोन वर्षांचा खंड आहे, पाचवीत बसवा. मी दोन महिने फेऱ्या मारल्या. तेरा वर्षांची पोरगी बाकावर बसून माझी वाट बघायची आणि मी ऑफिसच्या दारात उभी. शेवटी दुसऱ्या शाळेतल्या एका बाईंनी कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं आणि त्याच दिवशी तिचं नाव घातलं. ते दोन महिने मला अजून टोचतात. तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

पुढची वाटही बघून ठेव. राष्ट्रीय मुक्त विद्यालय, ज्याला एनआयओएस म्हणतात, ते १९८९ पासून आहे. वयाची चौदा वर्षं पूर्ण झाली की तिथे दहावीला बसता येतं, पाच विषय घेऊन, मराठी माध्यमातूनसुद्धा. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, म्हणजे एका परीक्षेत सगळं पणाला लावायला नको. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, ते पाचवी आणि आठवीच्याही परीक्षा घेतं. आणि आपल्याकडे सगळ्यांना माहीत असलेला सतरा नंबरचा फॉर्म आहेच, बाहेरून दहावी-बारावीला बसण्याचा. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून तुझ्या झिलाच्या आधीच्या शाळेतला दाखला आजच रीतसर मागून घे. नाव आपोआप कमी होण्याची वाट बघू नकोस.

वहीत तारखा घालत जा. काय वाचलं, कोणती गणितं केली, कोणाकडे गेला, रोजच्या तीन ओळी पुरेत. उद्या कोणत्याही शाळेच्या टेबलावर ती वही ठेवली की निम्मं बोलणं वाचतं. आणि तुझ्या मनात "मी नक्की काही करतेय ना" अशी शंका येते त्या रात्री तूच ती उघडून बघ.

सोबतीचं काय, असं सगळेच विचारतात आणि बरोबर विचारतात. संध्याकाळी वाडीतली पोरं खेळायला येतात ते जप. त्यांच्यासाठी गुळाचं काहीतरी करून ठेवत जा, म्हणजे ती रोज येतील. शाळेची सहल, शाळेतला गणपती, क्रीडास्पर्धा असेल तेव्हा गुरुजींना विचारून त्याला ने. शाळेत जाणाऱ्या मुलांना हा वेगळा कोणीतरी आहे असं वाटू द्यायचं नाही. माझ्या मुलीला सर्वांत जास्त काय सलत होतं, ते तिने मला वीस वर्षांची झाल्यावर सांगितलं. दुपारी अडीचला मधल्या सुट्टीचा गलका वाऱ्याबरोबर आमच्या पडवीत यायचा, आणि ती दार लावून घ्यायची. दोन वर्षं तिने दार लावून घेतलं आणि मला वाटायचं तिला वारा सोसत नाही.

तुझ्या स्वतःविषयीही एक. सगळं एकटीने ओढू नकोस. आता बंदीचे दिवस आहेत, जुलैअखेरपर्यंत नवरा घरात आहे. तो जाळं दुरुस्त करताना झिलाला शेजारी बसव आणि शिकवायचं काम नवऱ्याकडे दे. रापणीचे वाटे कसे पडतात, जाळ्याचा वाटा किती, होडीचा किती, ओढणाऱ्यांचा किती, हे अपूर्णांक त्याच्याइतके चांगले कोण शिकवणार? तो म्हणेल मला शिकवता येत नाही. येतं. त्याच्या बापसाने त्याला असंच शिकवलं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो. तुम्ही करता ते घरी शिकवणंच आहे. पुण्याची मैत्रीण करते तेही, पिंगुळीला चालतं तेही, आमच्या वाडीतल्या त्या आवशीचं अकरा बियांचंही. कोणाचं खरं आणि कोणाचं कमी खरं, यात तुझी एक सकाळही घालवू नकोस.

येत्या सोमवारी शाळेत जाऊन दाखल्याचा अर्ज दे. अर्जाच्या दोन प्रती कर आणि एकीवर पोच घे. आणि नारळी पौर्णिमेला मालवणला येशील तेव्हा झिलाला घेऊन ये, भरतीच्या वहीसकट. पंधराची पाऊणकी सव्वाअकरा येते. त्या दिवशी आम्ही दोघं जेटीवर उभं राहून बघणार आहोत.